नोवा होर्कात पडलेला बर्फ

तीर्थस्वरूप लुडविनाताईस,

धाकट्या आदेलिनाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? एमिलभावोजींचं पथ्य कसं चाललं आहे? (चालत नसणार. डॉक्टरांच्या दारात बसून खिशातलं सॉसेज खाणाऱ्या माणसाच्या पथ्याची चौकशी मी केवळ रीत म्हणून करते.) तुमच्या ओहायोत अजून हीटर लागत असतील; इथे टेक्सासात, आपल्या नोवा होर्कात, माश्या आल्यासुद्धा. मी ठणठणीत आहे. पत्राला मुद्दा आहे, आणि तो दुलईचा आहे.

माझी नात तेरेझका मे महिन्यात लग्न करते आहे. पोरीने पलंग फोनवरून मागवला, नवराही बहुधा तसाच शोधला, पण मला म्हणाली, "आजी, मला पिसांची दुलई हवी. आपल्या बायकांनी सोललेल्या पिसांची." मी म्हटलं, "अगं, या उकाड्यात? गुदमरशील." तर म्हणते, "मग एसी वाढवीन." उत्तर मला आवडलं. बोलून दाखवलं नाही.

आता दुलई म्हटली की आपल्या घराण्याची मूठ आलीच. पणजीने चेक मुलखातून, मोराव्हियातून निघताना भांडीकुंडी मागे टाकली आणि बोटीवर दुलई घेतली (लोक हसले म्हणे, हसणाऱ्यांची भांडी आज कुठे आहेत?). त्या दुलईतली एक मूठ आजीच्या दुलईत गेली, आजीचीतली आईच्या, आईचीतली माझ्या. माझी दुलई पुरात सडली हे तुला ठाऊक आहेच. तिच्यातली वाचलेली एकच मूठ मी पुरचुंडीत बांधून ठेवली होती. ती तेरेझकाची. एवढंच तिला माझ्याकडून जायचं होतं. बाकीचं दुकानात मिळतं.

हंसाची पिसं हिवाळाभर आम्ही माझ्या स्वयंपाकघरात सोलली. शेवटची बैठक मात्र गावच्या वारसा दिनाला, मंडळाच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर करायची असं समितीने ठरवलं. माझा विरोध होता. पिसं सोलणं हा काही तमाशा नव्हे. खिडक्यादारं बंद, पंखे बंद; मधल्या काडीवरची लव दोन्ही बाजूंनी ओढून काढायची, आणि कुणी शिंकायचं नाही, हसायचं नाही. पाहुण्यांना यात बघण्यासारखं काय? पण त्या हॉलमध्ये शिरले आणि माझा विरोध नेहमीप्रमाणे दारातच थबकला. ताई, तू तो हॉल विसरली असशील. दिवसभर कापूस वेचून आलेल्या माणसांनी संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात तो बांधला. संगमरवर परवडेना, तर पाइनच्या खांबांवर संगमरवर रंगवला, शिरांसकट. छताला निळा रंग आणि त्यावर सोनेरी तारे. पोटाला नुसते बटाटे होते तेव्हा या लोकांना वाचनालय हवं होतं, नाटकाला रंगमंच हवा होता, आणि कुणी दगावलं तर त्याच्या बायकोला आधार देणारी मंडळी हवी होती. सगळं या एका छपराखाली. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकले, तरी त्या ताऱ्यांखाली उभी राहिले की आवाज आपोआप खाली येतो.

तर आम्ही बायका लांब टेबलाभोवती बसलो. मध्ये पांढऱ्या लवेचा डोंगर, त्यावर मी माझी पुरचुंडी गाठ सोडून ठेवलेली. बैठक संपली की मेजवानी आणि वाजंत्री, ही जुनी रीत. आलोइस व्राना (तोच, ज्याचा ट्यूबा, तो पितळी भोंगा, त्याच्याहून मोठा आहे) आपला ताफा घेऊन बाहेर उभा होता. आम्ही लवेवर चादर टाकू, मग मी खिडकीतून पांढरा रुमाल हलवीन, मगच आत यायचं, असं त्याला मी बजावलं होतं. अडचण अशी, की फिलोमेनामावशी खिडकीशी बसल्या होत्या. वय त्र्याण्णव, शिस्त माझ्याहून कडक. त्यांना शिंक आली. नियमाप्रमाणे त्यांनी शिंक गिळली, आणि गिळताना पांढरा रुमाल फडकावून नाकाशी नेला.

समोरासमोरची दोन्ही दारं धाडकन उघडली. मी ओरडले, "आलोइस, दार!" तो आनंदाने ओरडला, "आलोच, बाई!" आणि पोल्काची धून सुरू झाली. वारा या दारातून शिरून त्या दारातून निघाला, आणि सबंध हिवाळा टेबलावरून उठून थेट सोनेरी ताऱ्यांपाशी गेला.

एकेक वाद्य थांबलं. ट्यूबा सर्वांत शेवटी. मग ती लव खाली येऊ लागली. सावकाश, हॅटांवर, मेजवानीच्या गोड कोलाचे-पावांवरच्या खसखशीवर, रंगवलेल्या संगमरवरावर. फिलोमेनामावशी वर तोंड करून बसल्या होत्या. जन्मात टेक्सासाबाहेर न गेलेली, बर्फ पडताना कधी न पाहिलेली बाई. म्हणाल्या, "आई सांगायची अगदी तसाच आहे गं. आवाज न करता पडतो म्हणायची. माझा विश्वास नव्हता."

मी कुणालाही रागावले नाही. (हे वाक्य पुन्हा वाच, मीच लिहिलं आहे.) मग सगळा गाव गुडघ्यांवर आला. हवालदाराने आपली हॅट पिसांनी भरली. कुणीतरी म्हणालं, "आलोइस, भोंग्यात बघ, अर्धी दुलई तिथेच आहे!" तो म्हणाला, "बघतो, पण फुंकू की ओढू?"

दुलई भरली. पण पणजीची मूठ त्यात कुठली, आणि कुणाच्या कोटावर बसून घरी गेली, हे कोण सांगणार? रविवारी प्रार्थनेच्या मध्यावर पाद्रीबाबांच्या बाहीतून एक लव तरंगत निघाली आणि सगळे तिच्याकडे बघत राहिले, जणू तीच प्रार्थना. तेरेझका मला म्हणाली, "आजी, सगळ्यांच्या घरी गेली म्हणजे हरवली का? आणि तू रडतेस का?" मी म्हटलं, पिसांची ॲलर्जी आहे.

असो. हे पत्र काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही. भावोजींना नमस्कार.

तुझी,
आदेलिना

ता. क. आईची दुलई तुझ्याकडे आहे. तिच्या कोपऱ्याची शिवण उसवून एक मूठ काढ. तेरेझकाची दुलई मी एका बाजूने शिवलेली नाही.

ता. क. २ ती मूठ टपालाने पाठवू नकोस, टपालावर माझा विश्वास नाही. स्वतः घेऊन ये. गुडघ्यांची सबब सांगू नकोस. इथे सगळ्यांचे गुडघे आता तसेच आहेत. तुझं अंथरूण घातलेलं आहे.

ता. क. ३ पाकिटात एक पीस ठेवलं आहे. पणजीचं असू शकेल. हे पत्र हीटरसमोर उघडू नकोस. (हे सर्वांत वर लिहायला हवं होतं. खाली वाकून भावोजींच्या खुर्चीखाली बघ.)