अप्पांना दिलेली पुडी

अप्पा, आज दुपारी दुकानात एक बाई येऊन गेली आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तिच्या नवऱ्याची पोटरी चालताना धरते, तुमची धरायची तशीच. मन्नाएखेळ्ळीच्या बसस्टँडवरून आपल्या मेडिकलपर्यंत येताना तुम्ही दोनदा थांबायचात आणि कुणी विचारू नये म्हणून उगाच चप्पल झटकायचात. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात, रक्त पातळ होण्याची गोळी चुकवायची नाही आणि रोज चालायचं. मी वर आर्जिनिनच्या पुड्या आणल्या. हे अमिनो अ‍ॅसिड नसा मोकळ्या करतं, असं कंपनीचा माणूस म्हणाला होता आणि औषधांचं शिकलेला तुमचा मुलगा त्यावर भुलला. सकाळची लिंगपूजा आटोपली की, कपाळावरची विभूती वाळायच्या आत, तुम्ही पुडी पाण्यात ढवळून प्यायचात, वर पेला विसळून तेही पाणी प्यायचात. दोन महिन्यांनी तुम्ही न थांबता दुकानापर्यंत आलात. रोज चालत होतात म्हणूनही असेल. पण गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "डॉक्टरनं काय केलं न्हाई, माझ्या लेकरानं पाय चालते केले." मी लाजल्यासारखं केलं. खरं सांगतो, मला ते फार आवडलं होतं.

मग एका सकाळी छातीत कळ आली आणि तुम्ही गेलात. तुम्हाला माती देऊन आठवडाही झाला नव्हता, तोच शेजारचे म्हातारे काका दुकानात आले. "माझी बी पोटरी धरती म्हणून अप्पा त्यांच्या रक्त पातळ व्हायच्या गोळ्या मला देत होते की. मला आता पुडी हाय, ह्या दासोह समजून घ्या, म्हणायचे. आता कुठनं आणू?" दासोह म्हणजे आपल्यातलं दुसऱ्याला देणं; जन्मभर ताटातलं वाटून खाल्लंत, तशा गोळ्याही वाटल्यात. कामून विचारलं न्हाई मला, अप्पा? मी ओरडेन म्हणून, की माझ्या पुडीचा मान राखायला? नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की या दुखण्यात पुडीचा भरवसा नाही, आणि गोळीची जागा तर ती घेऊच शकत नाही. तुमच्यावर चिडायला जातो आणि अडखळतो, कारण पुडी मी दिलेली. इतकी वर्षं झाली, लोक मागतात म्हणून ती अजून त्याच फळीवर आहे.

आज आलेल्या बाईनं त्याच पुडीकडे बोट दाखवून विचारलं, "अण्णा, ह्याचा गुण येतोय का हो? खरं सांगा." आज सगळं सांगून टाकायचं ठरवलं. "मी माझ्या अप्पांना दिली होती," एवढं म्हणालो आणि पुढचं जुळवताना फळीवरचा पुड्यांचा डबा उगाच पुसू लागलो. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग काय इचारायचं? सोताच्या बापाला दिलेली हाय म्हणल्यावर! दोन डबे द्या." डबे पिशवीत घालून ती समोरच रस्त्याकडेला बसची वाट बघत उभी राहिली. बस उशिरा आली. तोवर मी तिला हाक मारली नाही. मारली असती तर माझ्या पुडीपायी तुमच्या गोळ्या सुटल्या ते सांगावं लागलं असतं, आणि ते मी अजून आईलाही सांगितलेलं नाही.