ओकच्या झाडापाशी काढलेले बूट

वॉटर्लू, २१ सप्टेंबर, रविवार

मीरा हल्ली त्या ड्रुइड मंडळींत जाते. ऋतू बदलला की ही माणसं पार्कात जमतात, झाडाला नमस्कार करतात. पोरीला बाटवतात की काय, हे बघायला आज मुद्दाम बरोबर गेलो.

ओकच्या झाडाभोवती सगळे गोल उभे. काहींचे पांढरे झगे, बाकीचे जॅकेटमध्ये. पावाचा पहिला तुकडा मुळाशी ठेवला, मगच सगळ्यांनी खाल्लं. वर्गणी नाही, पत्रकं नाहीत. माझा संशय उलट वाढला. फुकटात कोण कशाला देव वाटत फिरेल?

तेवढ्यात मीरा कुजबुजली, "बाबा, व्हाय आर यू बेअरफूट?"

खाली पाहिलं. बूट मागे गवतात, त्यांत मोजे नीट खोचलेले. कधी काढले? गावी म्हसोबाच्या झाडाखाली पायताण काढायचो, तसेच. इथे मात्र सगळे बूट घालूनच उभे.

"इट्स नॉट अ टेंपल, बाबा. सर्दी होईल!"

घरी येऊन सांजवात लावली. पाय अजून गारच आहेत. त्या लोकांवर माझा विश्वास नाही. पुढच्या वेळीही मीराला एकटीला जाऊ देणार नाही.

पण ते बूट... काढायला मला कुणीच सांगितलं नव्हतं.