खंडेनवमीला काढलेले बूट

मिठबाव,
१६ ऑक्टोबर १९८६

चिरंजीव लवू,

आशीर्वाद. बेळगावहून तुझं पत्र आलं. डिसेंबरात पलटणीबरोबर पुन्हा लेहला जायचं नक्की झालं, आणि तुझ्या बर्फावरच्या हॉकीची पेटी दिवाळीआधी पाठवायची, हे वाचलं. आईचा गुडघा बरा आहे. भात कापून झालं. शाळेला सुट्टी आहे.

पेटीतलं सांगते. गुडघ्यांच्या गाद्यांना ऊन दाखवलं. हातमोज्यांत डांबराच्या गोळ्या आहेत. काठी तू सांगितल्याप्रमाणे आडवी ठेवली, वाकलेली नाही.

खंडेनवमीला आई म्हणाली, "लवूचे ते पात्यांचे बूट काढ गो, कोयत्याच्या बाजूक ठेव. तीच त्येची हत्यारां." मी टाळाटाळ केली, तेव्हा तिनेच पेटी उघडली. चामड्यावर हिरवी बुरशी होती, पाती गंजून लाल झाली होती.

"पावसानं गंज धरला," मी म्हटलं.

"मियाच तुका आठवण करूक व्हयी होती गो. माजीच चूक," ती म्हणाली आणि चिंच-राख घेऊन बसली. दोन दिवस घासत होती. मग धोंडू लोहाराकडे मला पाठवलं. तो हसला, "बर्फ कापूचो विळो कसो ह्यो?" मग सहाणेवर धरून पाहिलं. "पात्याक खड्डे पडले, बाय. आता हेका धार लागूची नाय."

लवू, पाऊस नव्हता रे. गेल्या पावसाळ्यात दर रविवारी मी पाती कोरडी पुसून मशीनचं तेल लावत होते, बुटांत वर्तमानपत्र कोंबत होते. मग यंदा मे महिन्यात तू पेटी घेऊन रजेवर आलास आणि विहिरीपाशी मला सांगितलंस, खेळताना तळ्याचा बर्फ फुटला, तू खाली गेलास, दोघांनी काठ्या घालून वर ओढलं. हसत सांगितलंस. "आईला बोलू नको, अक्का."

तू गेल्यावर मी पेटी समुद्राकडच्या खिडकीखाली, खाऱ्या हवेत सरकवली. चार महिने उघडली नाही. रविवारी तेलाची बाटली हातात घ्यायची आणि परत फळीवर ठेवायची. विसरले नव्हते.

तुला तिकडे दुसरे बूट मिळतील, हे मला कळत नाही असं नाही. माझं ऐकून तू थांबणार नाहीस, हेही कळतं. पण आई अजून रोज विचारते, "तो रागावलो तर गो?" तिची बोटं राखेनं फुटली आहेत आणि मी समोर बसून भाजी चिरते.

तुझी पत्रं तिला मीच वाचून दाखवते. या खेपेला सगळं लिही. बूट कुणी खराब केले ते लिही, आणि बर्फाचंही लिही. माझ्या तोंडून आपणहून निघत नाही. समोर कागद असला की मला वाचावंच लागेल.

मुद्दाम चुकलेली,
तुझी अक्का