जमादाराचा लठ्ठपणा

१० फेब्रुवारी १९०६, घाटनांदूर

कायमचा गावी परत आलो. गावात फसली तारीख चालते. मी इंग्रजी तारीखच लिहिणार.

मोमिनाबादची छावणी उठली, घोडदळाचा रिसाला गेला, घोड्यांचं हॉस्पिटल बंद पडलं. मी तिथे नुसता कारकून होतो असं गावात बोलतात. कागदावर होतो, खरं आहे. पण घोड्यांच्या डॉक्टरच्या, म्हणजे सालोत्र्याच्या शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं काढल्यावर शिकायचं काय उरतं? तो औषध सांगायचा, मी लिहायचो. म्हणजे अर्धी डॉक्टरकी माझीच.

कप्तानसाहेबाच्या सामानाच्या लिलावात शेवटी एक पिंजरा उरला. आत दोन गिनीपिग. कोणी बोली लावेना, तेव्हा मडमेने पिंजरा माझ्या हातात दिला. बराच वेळ काहीतरी समजावत होती, एकेक बोट मोजून. मला इंग्रजी येतं, पण बाई फार भरभर बोलते. मी येस मॅडम, येस मॅडम करत राहिलो. तिची पोरगी पिंजऱ्याला धरून रडत होती. या लोकांच्या मुलांना अजिबात शिस्त नाही.

११ फेब्रुवारी, सकाळ

इन्स्पेक्शन केलं. उलटे धरून नीट पाहिले. दोन्ही नर. काळा-पांढरा दांडगा, त्याचं नाव रिसालदार. तांबूस, अंगाने बारीक, तो जमादार.

शेजारचा शहादेव मेंढरं सोडता सोडता कुंपणावरून डोकावला. म्हणाला, "अर्जुनराव, ही बिनशेपटाची घूस कामून आनली?" मेंढरामागे जन्म गेलेल्या माणसाला सायन्स काय सांगणार.

१२ फेब्रुवारी

योजना पक्की केली. उन्हाळ्यानंतर जिल्ह्याचे तालुकदारसाहेब दौऱ्यावर येणार. गुरांच्या नव्या दवाखान्यात सालोत्र्याची जागा निघणार अशी खबर आहे. अर्ज करायचा आणि सोबत ही जोडी दाखवायची, तंदुरुस्त, चकचकीत. विलायती जनावर ज्याने जगवलं त्याला बैल काय अवघड.

दुसरी गोष्ट लग्नाची. केसरला घरात येऊन नऊ वर्षं झाली, मूल नाही. दोष कुठे आहे हे मी दुसऱ्याच वर्षी ओळखलं होतं. घोडीचंही तसंच असतं, नजर तयार झाली की नुसतं उभं पाहून सांगता येतं. नांदूरघाटच्या सुग्रीवरावांची मुलगी पाहून ठेवली आहे. नांदूरघाट म्हणजे दुसरं गाव, आमचं घाटनांदूर नव्हे. मोठं घर, भरला गोठा. त्यांना शिकलेला जावई हवा आहे.

केसरला हाकलणार नाही. मी काही कसाई नाही. गोठा आहे, दळण आहे, नवीच्या हाताखालचं काम आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "बरं." भाकरी थापत राहिली. मनाला लागलेलं दिसत नाही.

१५ फेब्रुवारी

तबेला तयार झाला. चार फूट लांब, विटांचा, वर छावणीतून आणलेला पत्रा. केसर म्हणाली, लिंबाखाली बांधा, सावली हाय. मी म्हणालो, रिसाल्याचे घोडे कधी लिंबाखाली बांधलेले पाहिलेस का? तिने रिसालाच पाहिलेला नाही. वाद संपला.

रेशन ठरलं: भिजवलेले हरभरे आणि कडब्याची कुट्टी. हिरवं काही नाही. हिरव्याने घोड्याचं पोट सुटतं.

२० फेब्रुवारी

जनावरं मला ओळखू लागली. पावलाचा आवाज आला की शीळ घातल्यासारखी ओरडतात. बरोबर तशीच केसरच्या पावलालाही ओरडतात. जास्तच ओरडतात.

कारण सापडलं. मेथीच्या काड्या, कोथिंबिरीची देठं, जे निवडून उरेल ते ही बाई तबेल्यात टाकते. ताबडतोब हुकूम काढला. म्हणाली, "अवो, खात्यात की आवडीनं." आवडीचा प्रश्नच नाही, असं समजावलं.

२ मार्च

रिसालदार जमादाराच्या मागे मागे गुरगुरत फिरतो. सीनियर ज्युनियरला धाक दाखवतो. रिसाल्यात पाहिलेलं आहे. दोघांना आपसात मिटवू दिलं.

१४ मार्च

जमादाराचं अंग भरलं. माझ्या रेशनचा परिणाम. उशिरा का होईना, शहादेवसुद्धा म्हणाला, "लई गुबगुबीत झालाय."

२५ मार्च, पाडवा

अंग जरा जास्तच भरलं. पोट जमिनीला टेकतं, चालताना डुलतो. आज सण म्हणून केसरने श्रीखंडपुरीतलं काही चारलं असावं. विचारलं तर म्हणते, घरात श्रीखंड केलंच न्हाई, तुमी चक्क्याला दूध आनलंच न्हाई. उलट उत्तर द्यायची सवय नव्हती हिला.

२६ मार्च

जमादार सिक लिस्टवर. निदान: लठ्ठपणा. हॉस्पिटलात सुभेदाराची घोडी अशीच सुटली होती. तिला अर्धं रेशन आणि लांब दोरीवर गोल परेड. दोन्ही आजपासून सुरू.

रिसालदाराचं रेशन पूर्ण. शिक्षा ज्याची त्याला.

२ एप्रिल

परेड रोज चालू. सुतळी बांधून अंगणात गोल फिरवतो. पहिल्यांदा ओढावं लागतं, मग तो चार पावलं टाकतो, मग बसतो. छडी दाखवतो. मारत नाही, फक्त दाखवतो. काल एकदा लागली.

सुतळीने गळ्याचे केस गेले आहेत. केस पुन्हा येतात.

केसर दारात उभी राहून पाहते आणि आत जाते. संध्याकाळी जेवली नाही. मी विचारलं, उपवास कसला? म्हणाली, "त्याला बी न्हाई, मला बी न्हाई." बायकांना प्रत्येक गोष्ट अंगावर घ्यायची हौस असते.

६ एप्रिल

आश्चर्य. अर्धं रेशन, रोज परेड, तरी पोट वाढतंच आहे. बाकी अंग मात्र उतरलं, पाठीची हाडं लागतात. सालोत्र्याच्या पुस्तकात अशी केस नव्हती. निदान थोडं बदललं: पोटात मळ साठला आहे. उद्या जुलाब.

शहादेव म्हणाला, "डाग द्या पोटावर, उतरंल." डाग देणं म्हणजे जनावराला तापल्या सळईने भाजणं. मी त्याला फैलावर घेतलं. अशा रानटी उपायांमुळेच आपला मुलूख मागे राहिला. मुक्या जिवाची काही दया आहे की नाही?

७ एप्रिल

जमालगोटा दिला. घोड्याचा डोस अंदाजाने कमी केला. जमादाराने तोंड मिटून घेतलं, केसरला डोकं धरायला सांगितलं. तिने नकार दिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "माज्या हातानं न्हाई हुनार." मी एकट्याने दिला.

८ एप्रिल

जुलाब उत्तम झाला. जमादार कोपऱ्यात पडून आहे. ओरडत नाही. पोट आहे तेवढंच. रेशन पाव केलं.

सुग्रीवरावांचा निरोप आला, रविवारी घर पाहायला येतात. तबेला धुवून घेतला. केसरला बजावलं, पाहुण्यांपुढे तोंड सुजलेलं दिसता कामा नये. पिठल्यात लसूण जास्त घालायला सांगितला. सुग्रीवराव पहिल्यांदा येत आहेत.

१५ एप्रिल, दुपार

सुग्रीवराव आले. अजून आहेत, मागच्या अंगणात बसले आहेत. मी खोकायचं निमित्त करून आत येऊन हे लिहितो आहे. मन शांत व्हावं म्हणून.

सगळं व्यवस्थित चाललं होतं. घर दाखवलं, मळा सांगितला, छावणीतली सर्टिफिकेटं दाखवली. मग तबेल्याकडे नेलं. जमादाराला बाहेर काढून ओट्यावर ठेवलं आणि लठ्ठपणाची केस समजावून सांगितली, निदान, परेड, जुलाब. सुग्रीवराव मान डोलवत होते. मी म्हणालो, पाहा, हा जातिवंत नर आहे, फक्त खाण्यावर ताबा नाही.

तेवढ्यात जमादाराने अंग ताठ केलं आणि ओट्यावरच, आमच्या दोघांच्या मध्ये, पिल्लू टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. पूर्ण केसांची, उघड्या डोळ्यांची पिल्लं. तिसरं हललं नाही.

शहादेव कुंपणावर होता.

१५ एप्रिल, संध्याकाळ

सुग्रीवराव जेवून गेले. शांत माणूस. चिडले नाहीत. पान लावता लावता म्हणाले, "पाव्हणं, येक इचारू का? दोन म्हयनं तुमी ह्याला उलटं करू करू बगितलं. नर का मादी कळलं न्हाई. मंग घरात वांझ कोन हाय, ते कसं वळखलं?"

प्रश्न विषयाला सोडून होता.

माजघरातून हसण्याचा आवाज आला. आधी कोण ते कळलं नाही. केसर हसली तर कशी हसते, हे मला माहीतच नव्हतं.

१६ एप्रिल

जमादार सकाळी मेला. रिपोर्ट लिहिला. मृत्यूचं कारण: मादी असून नर असल्याची खोटी समजूत करून दिली, त्यामुळे उपचार चुकीच्या दिशेने गेले. जबाबदारी मडमेची. तिने स्पष्ट सांगायला हवं होतं.

केसरने त्याला लिंबाखाली पुरलं. दोन पिल्लं पदरात घेऊन बसली आहे, कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून पाजते. मी म्हणालो, आता बस कर, स्वयंपाकाचं बघ. तिने पाहिलं माझ्याकडे. मग मीच भाकरी शोधायला गेलो.

१९ एप्रिल

धर्मापुरीहून केसरचा भाऊ बद्रीनाथ आला. बोलावलेला नव्हता. म्हणाला, "दाजी, अक्काला न्यायाला आलाव." मी म्हणालो, किती दिवसांसाठी? तो म्हणाला, "ते अक्काला इचारा." विचारलं नाही. नवऱ्याने असं विचारणं बरं दिसत नाही.

गेली. पिल्लं ओटीत घेतली. दागिने ठेवून गेली, म्हणजे परत येणार.

३ मे

ऊन भयंकर. पत्र्याखाली हात ठेववत नाही. रिसालदार आज दुपारी मेलेला सापडला. पाण्याचं भांडं कोरडं होतं. पाणी भरण्याचं काम केसरकडे होतं आणि जाताना तिने कोणालाही चार्ज दिलेला नाही. हे तिच्या हलगर्जीपणाचं उदाहरण म्हणून लक्षात ठेवलं आहे.

वास येऊ लागला तेव्हा शहादेवने उचलून नेलं. त्याला मी आत बोलावणार होतो, पण तोवर तो कुंपणापलीकडे गेला होता.

२१ मे

पंचांसमोर काडीमोड झाला. मी दागिने हातात घेऊन गेलो होतो, ती पाहून नरम पडेल म्हणून. तिने काडी मोडली, दागिन्यांकडे पाहिलंही नाही. तब्येत सुधारलेली दिसली. माहेरी आयतं खायला मिळतं.

नांदूरघाटहून नकार आला. ते बरंच झालं. मुलगी जरा बुटकीच होती.

९ जुलै

केसरने म्होतूर लावलं, म्हणजे दुसरं लग्न. धर्मापुरीचाच कोणी म्हाळू, बायको वारलेला, गुरं राखतो. शिक्षण काही नाही. मला त्याची कीव येते. वांझ बाई गळ्यात पडली त्याच्या. कोणीतरी सावध करायला हवं होतं. मी पत्र लिहिणार होतो, पण त्याला वाचता येत नाही.

२८ सप्टेंबर

तालुकदारसाहेबांचा दौरा झाला. अर्ज दिला. त्यांच्या कारकुनाने, पेशकाराने, नाव वाचलं, घाटनांदूर वाचलं आणि शेजारच्याच्या कानात काही सांगितलं. दोघे खाली मान घालून हसले. जागा दुसऱ्याला गेली. सरकारी कामात वशिला लागतो.

११ डिसेंबर

परळीच्या बाजारात एका अनोळखी माणसाने विचारलं, तुमच्याकडचा जमादार बाळंतपणानंतर बरा आहे का? गोष्ट परळीपर्यंत पोचली. लोकांना कामं नाहीत.

तीन ठिकाणी मुली पाहिल्या. तिन्ही बापांनी जेवायला घातलं आणि तेच विचारलं, जे सुग्रीवरावांनी विचारलं होतं. शब्द थोडे वेगळे. यापुढे आपणहून कुठे जायचं नाही.

२ जून १९०७

शहादेव धर्मापुरीला मेंढरं विकायला गेला होता, आज परतला. केसरला मुलगा झाला. काल बारसं झालं. थेट म्हाळूवर गेलाय म्हणे, तसंच नाक. त्याने एका फडक्यात बारशाच्या घुगऱ्या बांधून आणल्या. म्हणाला, "तिनं दिल्यात. समद्या गावाला वाटल्या, तुमालाबी द्या म्हनली."

मी म्हणालो, काहीतरी गफलत असेल. मी स्वतः निदान केलेलं आहे. शहादेवने हे ऐकून काही थट्टा केली असती तर मला चार शब्द सुनावता आले असते. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला, आणि मग मेंढरांकडे गेला.

धर्मापुरीच्या पाण्यात काही गुण असावा. चौकशी करायला हवी.

घुगऱ्या कोनाड्यात ठेवल्या. खायच्या नाहीत असं ठरवलं. दुपारी चूल पेटेना, सरपण ओलं आहे आणि मला चूल पेटवता येत नाही. घुगऱ्या खाल्ल्या. हरभरा चांगला शिजला होता. मीठही बरोबर पडलं होतं.