परभणी, आणि पुढे काहीही

२० ऑगस्ट १९७८

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम. मायला माझा नमस्कार सांग आणि हे पत्र नेहमीसारखं मोठ्यानं वाचून दाखव. मी बरा आहे. अमेरिकेतला पाव अजूनही मला गोडच लागतो, पण नांदेडचा उत्तमसिंग माझ्या खोलीवर राहायला आल्यापासून वरणाला फोडणी तरी मिळते. आपल्या कुरुंद्याची हळद पुरवून पुरवून वापरतोय.

तू विचारलं होतंस, तिथं नेमकं करतोस काय? ऐक. इथल्या कॉम्प्युटरमध्ये ढिगानं मजकूर भरलेला असतो. त्यातून हवी ती ओळ वेचून काढणारं एक अवजार आहे, ग्रेप नावाचं. त्याला अख्खी ओळ सांगावी लागत नाही, नुसती खूण सांगायची. आपली कबरी शेळी वारंगा फाट्यावर चुकली तेव्हा तू दुकानादुकानांत काय सांगत फिरलीस? "कानाला चीर हाय, शेपटी पांढरी हाय, मधी कशी बी असू द्या." बस, तेच. 'मधी कशी बी'साठी इथे एक टिंब आणि एक चांदणी टाइप करतात. प्रोफेसरांना मी शेळीची गोष्ट सांगितली. खूप हसले.

तुझं शेवटचं पत्र जुलैतलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून वसमतच्या सभेत तू बोलणार होतीस. "आमच्या शाळंचे हेडमास्तर म्हंतेत, चांगुणाबाई, गप ऱ्हावा. मी काहून गप ऱ्हाऊ?" हे मी उत्तमसिंगला वाचून दाखवलं, बहिणीचा तोरा मिरवला. त्यानंतर तुझं काही आलं नाही. तार केली, तिचंही उत्तर नाही.

जगभरच्या बातम्या तारेवरून आमच्या कॉम्प्युटरमध्ये येऊन पडतात. मराठवाडा पेटलाय हे मला तिथेच कळलं. लगेच अवजार चालवलं. कुरुंदा मागितलं, वसमत मागितलं. काही निघालं नाही. खूण जुळली नाही की ते 'नाही' असंसुद्धा म्हणत नाही, नुसतं पुढच्या हुकमाची वाट बघत बसतं. उत्तमसिंग म्हणाला, "नहीं निकला ना? मतलब सब खैरियत." मीही तसंच धरलं आणि पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. आपल्या खेड्यांची नावं इथल्या बातमीत लिहितोय कोण! मग नुसतं परभणी मागितलं. पडदाभर ओळी आल्या. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात घरं जाळली. परभणी जिल्ह्यातल्या आणखी एका खेड्यातून माणसं पळाली. गावाचं नाव एकाही ओळीत नाही. अक्का, इतका संताप झाला की खुर्ची लाथेनं उडवली. एका खेड्यात म्हणजे कुठल्या? कुणाची घरं?

शेवटी मी खूण लिहिली: परभणी, मधे काहीही, आणि शिक्षिका. बटण दाबवेना. बराच वेळ बोट नुसतं वर धरून बसलो. मग दाबलं.

काही आलं नाही. पण त्याचं गप्प बसणं म्हणजे खैरियत नव्हे, हे आता मला कळत होतं. उत्तमसिंग जेवायला बोलवायला आला, त्याला मी रडताना दिसलो.

वर सवयीनं लिहून गेलो, मायला वाचून दाखव. आपल्या घरात वाचता येतं ते एकट्या तुला. हे पत्र दुसरंच कुणी फोडून वाचत असेल, तर... तो विचार मला करायचाच नाही. मला खूप भीती वाटतेय, अक्का.

मोठं पत्र नको. एकच ओळ लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील. गप्प बसायची सवय या अवजाराला आहे. तुला ती कधीच नव्हती.

तुझ्या हातच्या अक्षराकडे डोळे लावून बसलेला,
जळबा