दहा मुली, काळे स्वेटर

१२ जानेवारी ७४, शनिवार

धाकट्या शकूच्या शाळेत नवी नोटीस. सोमवारपासून घरी विणलेले स्वेटर बंद. बाजारचाच हवा, निळा, व्ही गळ्याचा, बिनडिझाइनचा. प्रिन्सिपल मिसेस सेठींचं कारण शकूनं त्यांच्याच आवाजात ऐकवलं, "एक-दूसरी के स्वेटर देखने में लड़कियाँ पढ़ाई भूल जाती हैं!"

चंदीगडात! इथं बायका उन्हात विणतात, बसमध्ये विणतात, भाजीवाल्याशी भांडतानाही विणतात.

अकरावीच्या मुलींनी अर्ज दिला, अख्ख्या वर्गाच्या सह्या. तासाभरात परत आला. वर लाल शाईत: यह चर्चा का विषय नहीं है.

जेवताना शकू, "नाना, ज्याची चर्चाच करायची नाही असा विषय असतो?"

नाना ताटातून वर न बघता, "असतो. बदली."

माझीही एक गोष्ट परत आली, पुण्याहून. संपादक विचारतात, क्रियापदं का नाहीत? नाहीत. म्हणून तर लिहिली.

१४ जाने., सोमवार. संक्रांत

धुकं. समोरची घरांची रांग गायब.

आईनं ट्रंकेतून स्वेटर काढला. दोन महिने शकूपासून लपवून विणत होती. काळा कुळकुळीत, त्यावर पांढरे बारीक ठिपके, हलवा सांडल्यासारखे. "सणाला काळं घालायचं. एक दिवसानं काय होतंय!" शकूनं पांढऱ्या सलवार-कमीजवर तो चढवला, दोन वेण्या बाहेर काढल्या आणि निघाली. मला नोटीस आठवत होती. बोलले नाही. का? फार छान दिसत होती.

अकराला परत. सोबत शाळेचा चपराशी आणि चिठ्ठी.

झालं असं. प्रार्थनेला सगळ्या निळ्या रांगेत एकटी काळी. मिसेस सेठी पायऱ्या उतरून खाली आल्या. "काले झंडे? मेरे स्कूल में?"

"नहीं मैडम, त्योहार है."

"काला त्योहार? कौन से देश का?"

चिठ्ठीत: वडिलांच्या सहीचा माफीनामा आणा. तोवर वर्ग बंद, आणि बोर्डाच्या परीक्षेची रोल नंबरची स्लिप शाळेतच राहील. स्लिपा पंचवीस तारखेला वाटणार. ती नाही तर मार्चमध्ये परीक्षा नाही. वर्ष गेलं.

आई चिठ्ठी ऐकून मटकन खाली बसली. "तू त्यांना आधी तिळगूळ का नाही दिलास गं?"

संध्याकाळी गच्चीवर शकूला गाठलं. खरं सांग. सण होता का निषेध?

वेणीचं टोक बोटाला गुंडाळत, "घरातून निघाले तेव्हा सण होता, पक्का. गेटात शिरले, सगळ्यांचे सेम टू सेम स्वेटर बघितले... मग दोन्ही झालं यार."

१५ जाने., मंगळवार

साडेअकराला खाली सायकलची घंटा. हॅपी, शकूची बेंचवरची जोडीदार. नाव हरप्रीत, पण ते फक्त हजेरीत. अंगात थोरल्या भावाचा काळा स्वेटर, गुडघ्यापर्यंत.

"दीदी, नौ! नौ लड़कियाँ!"

नऊ जणी आज काळं घालून गेल्या. एकीनं आजोबांची शाल. एकीनं काकूचं कार्डिगन उलटं करून, कारण सुलट बाजूला गुलाब. आणि एकीनं वकील बापाचा काळा कोट. बाप आज हायकोर्टात कोटाशिवाय पोचला असणार.

नवांनाही घरी पाठवलं. नवांच्याही स्लिपा अडकल्या.

"डर नहीं लगा?" मी.

"लगा ना! पर दीदी, गरम बहुत है ये."

दोघी स्वयंपाकघरात बसून गुळाची पोळी खात हसत होत्या. एकमेकींना थापट्या मारत. मी बाहेर वही घेऊन बसले, एक ओळ सुचेना. आत इतकं चाललेलं असताना बाहेर काय लिहायचं.

१६ जाने., बुधवार

नाना शाळेत जाऊन आले. खूश. आल्या आल्या चहा मागितला.

मिसेस सेठी भल्या आहेत म्हणे. 'आमच्या महाराष्ट्रात संक्रांतीला काळं नेसतात' एवढं लिहून द्या, शकूला माफ. तिची स्लिप तिला.

"आणि हॅपी?" शकू.

"त्यांच्यात कुठंय हा सण? त्या नऊ जणींनी माफी मागायची. दाखल्यावर शेरा येईल म्हणाल्या."

"मग मी नाही देणार पत्र."

"शकुंतला."

(पूर्ण नाव. म्हणजे गंभीर.)

"नाना, मी सणाची म्हणून सुटणार आणि त्या माझ्यासाठी आल्या म्हणून अडकणार?"

"हे बघ, मी सरकारी नोकर आहे. बावीस वर्षांत एक मेमो नाही मला."

"मग एक घ्या ना!"

पहिली आई हसली. पदर तोंडात कोंबला तरी ऐकू आलंच. नाना चहा अर्धा टाकून उठले. पत्र मात्र त्यांनी लिहिलं नाही अजून.

१७ जाने., गुरुवार

शकूसाठी मी निवेदन लिहिलं. साडेतीन पानं. सुरुवात अशी: लोकर. लोकर म्हणजे मेंढी. मेंढी म्हणजे कळप... स्वतःवर जाम खूश होते.

शकूनं उभ्या उभ्या वाचलं. "ताई, मस्त आहे. पण याच्यात मी कुठंय?"

नव्हतीच. तीन वेळा वाचलं, कुठंच नव्हती. मेंढी होती.

पानं बंबात घातली. पाणी चांगलं तापलं.

२० जाने., रविवार

आईनं हळदीकुंकू काढलं. दरवर्षी मराठी बायका चार-पाच, एअरफोर्सवाल्या दोघी धरून. यंदा तिनं हॅपीला सायकलवरून पिटाळलं, नवांच्याही आयांना बोलाव म्हणून. वाटलं नव्हतं येतील. सगळ्या आल्या! प्रत्येकीच्या काखेत विणकामाची पिशवी, चेहऱ्यावर राग. आपल्या पोरींना या मराठी मुलीनं राजकारणात ओढलं, असा.

आईचं हिंदी सुरू. "हात आगे करो. ये हळद. ये कुंकू. ना नहीं बोलने का, सण है."

ओटीत बोरं, उसाची कांडी, गाजरं, हरभरे. वाण म्हणून आईनं प्रत्येकीला एकेक लोकरीचा गुंडा दिला. काळ्या लोकरीचा!! मला सांगितलंही नव्हतं.

हॅपीची आई गुंडा हातात फिरवत, "तिल-गुड़ तो बहनजी हमारा भी है, लोहड़ी पे. पर काला क्यों?"

"थंडी है ना. काला रंग गरम रहता."

"बस?"

"बस. उसमें देव-बीव कुछ नहीं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग वकिलाच्या बायकोनं विचारलं, भांडण मुळात कशाचं? तेव्हा लक्षात आलं, पोरींनी घरी अर्धंच सांगितलंय. काळ्याचं. नोटिशीचं नाही. शकूनं वहीत उतरवलेली नोटीस उभं राहून वाचली.

"हाथ का बुना नहीं चलेगा?"

नऊ जणींच्या सुया एकदम थांबल्या. आयुष्यात अशी शांतता ऐकली नाही मी.

मग जो कालवा झाला! कोण कुणाला काय म्हणतंय कळेना. "मेरी सास ने बुना, उसमें क्या खराबी?" "बाजार का दो धुलाई में झोला!" "लड़की इतनी ठंड में पढ़ने जाती है, कोई फैशन करने?" (फॅशनही करायला जातात. मुली गप्प बसल्या, शहाण्या.)

हॅपीच्या आईनं शकूला जवळ ओढून गालावर चापट मारली, मग त्याच गालाचा मुका. "तूने चिट्ठी क्यों नहीं दी पुत्तर? तू तो छूट रही थी."

शकू एवढंच म्हणाली, "अकेली छूट के क्या करती आंटी."

निघताना नऊ जणी ओळीनं: "तिलगुळ घ्या, गोड-गोड बोला." त्यांतल्या भाटिया मॅडमनी 'गोळ-गोळ' म्हटलं. आईनं ते तसंच चालवून घेतलं.

नाना एवढा वेळ आतल्या खोलीत. पेपर हातात, पान एकच.

२१ जाने., सोमवार

शकूनं स्वतः लिहिलं. हिंदीत. एक पान सुद्धा नाही. उतरवून ठेवते:

'काला हमारे घर में त्योहार का रंग है, यह सच है. स्वेटर के नियम से मैं खुश नहीं थी, यह भी सच है. बाकी नौ लड़कियाँ मेरे लिए आईं. माफ़ी हो तो दसों को मिले, सज़ा हो तो दसों को. नियम तोड़ा, इसका मुझे खेद है. मेरी माँ ने बुना था, इसका नहीं.'

खाली दहा सह्या. दहावी हॅपीची, डाग पडलेली, बोरं खाता खाता केलेली.

वडिलांच्या सहीची जागा मोकळी.

नानांनी वाचलं. चष्मा पुसून परत. मला वाटलं फाडणार. शकूला वाटलं रागावणार. आईला काय वाटलं माहीत नाही, ती पोळीकडे बघत होती, पोळी जळत होती.

"तारीख घाल," नाना म्हणाले. "बिनतारखेचा कागद कोण वाचतं."

आणि सही केली. ऑफिसातली. हुद्द्यासकट!

मी साडेतीन पानांत जे करू शकले नाही ते. जाऊ दे. आज मत्सरसुद्धा गोड लागतोय.

२३ जाने., बुधवार

दोन दिवस काही नाही. पत्र मिसेस सेठींकडे. शकू घरी प्रमेयं घोकते, मधेच थांबते. "ताई, स्लिप नाही मिळाली तर पुढच्या वर्षी मी आणि हॅपी परत अकरावीत. चालेल ना?" हसत विचारलं. नखं मात्र पार खाल्लीत.

पाचला चपराशी. उद्या दहाला बोलावलंय, वडिलांना घेऊन. बस एवढंच. चेहरा बघून काही कळेना, आईनं त्याला लाडू दिला तरी.

नानांनी अर्ज लिहिला, अर्ध्या दिवसाची रजा. कारणाच्या रकान्यात बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी: घरगुती काम.

२४ जाने., गुरुवार

हे शाळेत लिहितेय. प्रिन्सिपलच्या खोलीबाहेरच्या बाकावर, मांडीवर वही.

आत शकू आणि नाना. हॅपीची आई बोलावलेली नसताना गेली. बाकी आठ आया समोर हिरवळीवर, ऊन बघून बसल्या. कोणी किन्नू, इथली संत्री, सोलतेय. सुया चालू. आमची आई त्यांना उलट्या टाक्याचं काहीतरी शिकवतेय, "ऐसा नहीं, ऐसा, मागे से घेना." वर्गांच्या खिडक्यांत मुली. मास्तरणी त्यांना हाकलतात आणि स्वतः बघतात.

पंधरा मिनिटं. आतून मिसेस सेठी, सलग. मग नाना, त्यांचं ते ऑफिसचं हिंदी, "निवेदन है कि..." मग मिसेस सेठी परत, जरा वरच्या पट्टीत. मग शकू. शब्द कळत नाहीत, पण आवाज कापत नाहीये.

मग कागदाची सळसळ.

आणि आत्ता आत कोणीतरी हसलं.

हॅपीच्या आईचं हसू मला माहितेय, गल्लीभर ऐकू येतं. ते नव्हे. नाना कचेरीच्या खोलीत हसत नाहीत. शकू असं हसत नाही.

चपराशाकडे बघितलं. तोही दाराकडे बघत होता. "मैडम तो हँसती नहीं जी," म्हणाला.

दार बंदच आहे. हिरवळीवरच्या सगळ्या माना वळल्यात. हॅपी गेटाबाहेरून हातवारे करतेय, क्या हुआ, क्या हुआ, मी खांदे उडवतेय, मला काय माहीत.

परत हसू. या वेळी दोघांचं.