दोराला उत्तर

३ मार्च १९५९
काम मिळालं! सकाळच्या बसने मट्टक्कळप्पूहून आलो आणि दुपारी होडीवर होतो. युद्धात विमानांनी बुडवलेल्या मालवाहू आगबोटीतलं पितळ काढायचं काम आहे. अंतोनी अण्णा धातूचा टोप घालून बुडी मारतात, सिन्नत्तंबी मामा हवेचा पंप चालवतात. मी दोर धरायचा. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर सैल सोड, तीन म्हणजे हवा वाढव, चार म्हणजे वर ओढ. जितके झटके येतील तितकेच वरून परत द्यायचे. मामांनी बजावलं, उत्तर कधी चुकवायचं नाही, नाहीतर खालच्याला वाटतं वर कुणी उरलंच नाही. मी दोर फार आवळून धरला होता. अण्णा मला धाकटा भाऊ म्हणून तंबी म्हणतात; म्हणाले, तंबी, दोर आहे तो, नवरी नाही, पळून नाही जायची.
रात्री पुट्टू आणि माशाची आमटी. समुद्र अगदी शांत आहे.

७ मार्च
आज दोघांना खरं सांगून टाकलं. माझे बाबा, कंदय्या, याच बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचे. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. त्यांना मेलेलं कुणी पाहिलं नाही, म्हणून अम्मा सतरा वर्षं कुंकू लावते. बायका तोंडावर बोलतात. लग्नात आजोबांनी नाव घालून दिलेला पितळी तांब्या बाबांबरोबर होता. तो सापडला तर अम्मा कुंकू पुसेल, श्राद्ध करता येईल, तिची वाट पाहणं थांबेल. डाव्या मनगटावर भाजल्याचा लांब व्रण होता, हेही ती सांगते.
अण्णांनी शोधतो म्हटलं. भट्टीच्या खोलीचं दार मात्र वाकून घट्ट बसलंय, ते उघडत नाही. मामा उठून पंप पुसत बसले. जेवलेही नाहीत.

१२ मार्च
अण्णा वर आले की जागा हरवू नये म्हणून दोराला शिशाचं वजन बांधून खाली सोडून ठेवतो. दुपारी अण्णा माझ्याशेजारी भात खात होते. दोराला एक झटका आला. सवयीने मी एक दिला.
मग लक्षात आलं, खाली कुणीच नाही.
अण्णा खूप हसले. म्हणाले, माशाशी गप्पा मारतोय हा, आता लग्नही ठरवेल. थोड्या वेळाने पुन्हा एक आला. पुन्हा एक. मी उत्तर दिलं. न देणं जमेना.

१३ मार्च
संध्याकाळी दोर ओढून घेतला. शिसं नव्हतं. त्याच्या जागी तांब्या, गळ्याला नीट गाठ मारलेली. घासला. कंदय्या.
अण्णा वेळांकण्णी मातेची शपथ घेऊन म्हणाले, मी बांधला नाही, दार अजून बंद आहे.
अम्माला पत्र लिहायला बसलो. पहिल्या ओळीपुढे गेलं नाही.

१४ मार्च
मामा बोलले. बोट उलटल्यावर तिचा तळ तीन दिवस पाण्यावर होता. आतून ठोके येत. मामा आणि आणखी तिघे होडी घेऊन गेले. पत्रा कापायला काही नव्हतं, विमानं परत येण्याची भीती होती. ते वल्ह्याने ठोकून उत्तर देत राहिले, आतल्यांना कळावं म्हणून, वर माणसं आहेत. तिसऱ्या पहाटे ठोके चालूच होते. ऐकवेना म्हणून ते घरी निघून आले.
मामा म्हणाले, पोरा, ते थांबले नव्हते रे. आम्ही थांबलो.

१५ मार्च, दुपार
अण्णा खाली उतरले नाहीत. मामा दोर कापायला सुरी घेऊन उभे. मी पाया पडलो —
झटके. चार.
चार म्हणजे वर ओढ.
मामांनी सुरी पाण्यात टाकली. मला म्हणाले, तू लिही. तेव्हा कुणी लिहिलं नव्हतं. ते आणि अण्णा ओढताहेत. दोर फार जड —
चार झटके परत दिले. मीच दिले.
अम्मा, तांब्या माझ्याजवळ आहे. पण कुंकू पुसू नकोस, अजून —
पाण्यात दिसतंय. दोराला एकच हात नाही. खालपर्यंत, एकाखाली एक. मोजतो. पाच. सहा. मामा रडताहेत आणि ओढताहेत. सातव्याच्या डाव्या मनगटावर —